बांबूवाले काका

ठाकुर्लीच्या मंडळात देवरामकाकांचं काम एकच. गणपतीच्या आगमनाला ट्रकच्या टपावर चढायचं आणि रस्त्यात आडवी येणारी प्रत्येक वायर लांब बांबूने उचलून बाप्पाच्या मुकुटावरून अलगद मागे सोडायची. बावीस वर्षांत मुकुटाला साधा ओरखडा नाही. त्याची घमेंड काकांना पुरेपूर होती, आणि का नसावी?

यंदा मंडळाचा अध्यक्ष बंटी घरी येऊन सांगून गेला, "काका, आपल्या रोडच्या सगळ्या वायरी जमिनीखाली गेल्या. मीच मागे लागून करून घेतलं. आता त्या बांबूवर कपडे वाळत घाला आणि तुम्ही आरामात आरतीला या."

दार लावल्यावर काकांनी त्याला चार शिव्या हासडल्या.

आगमनाच्या संध्याकाळी गॅलरीत त्याच बांबूवर काकांचा लेंगा वाळत होता, तेवढ्यात बंटीचा फोन आला. "काका, पळत या! मुकुट अडकलाय. ट्रक पुढे जाईना की मागे येईना. येताना बांबू आणा!"

लेंगा तिथेच टाकून काका बांबू घेऊन धावले. चौकात पोचल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि बांबू टेकवून ते नुसतेच उभे राहिले.

रस्त्यावर आडव्या बांधलेल्या बॅनरमध्ये मुकुट रुतला होता. बॅनरवर भावी नगरसेवक बंटीदादा हात जोडून हसत होते आणि खाली लिहिलं होतं, 'वायरी गेल्या जमिनीखाली, आता बाप्पाची वाट अडवेल कोण?'