खोलीतला तिसरा माणूस

“तुला सगळ्यात जास्त राग कोणाचा येतो?” रेवतीने विचारलं.

समोर बसलेला यज्ञेश गप्प. नखं खात खिडकीच्या जाळीकडे बघत राहिला.

“बापाशीचो,” मागून आवाज आला.

रेवतीने वळून पाहिलं. दाराशी पहाऱ्याला बसलेला दत्ताराम स्वतःच दचकला होता. “सॉरी मॅडम. तोंडातून निघालं. चालू द्या तुमचं.”

भांडुपच्या त्या निरीक्षणगृहात, गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी, समुपदेशनाची सोय नुकतीच सुरू झाली होती आणि रेवती समुपदेशक म्हणून येत होती. खोलीला पिवळा रंग लागला होता. भिंतीवर हसरा सूर्य आला होता. अधीक्षक प्रधान साहेबांनी अट मात्र घातली होती, की मॅडम आणि मुलगा खोलीत एकटे राहणार नाहीत. “उद्या काही झालं तर माझी नोकरी जाईल,” असं म्हणून त्यांनी दत्तारामला तिथे बसवलं. दत्तारामची शिट्टी वाजली की पोरं जिथल्या तिथे थिजायची. त्याच्यासमोर कोण मन मोकळं करणार? रेवतीने तक्रार केली. साहेब म्हणाले, “त्याला फर्निचर समजा.”

यज्ञेश वाकोल्याचा. मित्रांबरोबर कुणाची तरी बाइक पळवली आणि पकडला गेला. पोलीस चौकीत वडील आले, त्याच्याकडे न बघता “हा आमचा नाही” म्हणाले आणि निघून गेले. तेव्हापासून पोरगा मुका झाला होता. आई भेटायला यायची, तिच्याशीही बोलायचा नाही. पुढच्या आठवड्यात बाल न्याय मंडळासमोर तारीख होती. रेवतीच्या अहवालात ‘प्रतिसाद नाही’ एवढंच गेलं असतं तर त्याचा तिथला मुक्काम आणखी वाढला असता.

इतके दिवस विचारलेल्या प्रश्नाला आज पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिलं होतं. रेवतीने खुर्ची थोडी दाराकडे फिरवली. “का येतो राग, काका?”

“आता काय सांगू! आमचो बापूस मिलात. मी दहावीक नापास झालंय, तर माझ्याशी बोलणाच बंद केल्यान. मरेपर्यंत बोललो नाय.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“मी काय करतलंय? मी आता माझ्या झिलाशी बोलत नाय.”

“मुलाशी? का बरं?”

दत्ताराम गळ्यातल्या शिट्टीशी चाळा करू लागला. “ब्यांकेतली नोकरी सोडल्यान आणि चारकोपाक केक करता.”

“केक?”

हे रेवती बोलली नव्हती. यज्ञेशने नखं खाणं थांबवलं होतं. रेवती हललीसुद्धा नाही.

“होय, केक,” दत्ताराम चिडून म्हणाला. “तो पण अंड्याबिगर. गावात काय तोंड दाखवू मी?”

“चांगला करतो का पण?”

“माका काय ठावक? मी अजून खावकच नाय.”

यज्ञेश फसकन हसला. “काय यार काका! केक न खाता राग धरून बसलाय? फोन लावा ना त्याला.”

“लावून काय बोलू?”

“विचारायचं, जेवलास काय. बस. बापाने तेवढं जरी विचारलं ना...”

तो परत जाळीकडे बघायला लागला.

दत्तारामने खिशातून फोन काढला. ड्यूटीवर फोन लावायला बंदी होती. त्याने लावला, आणि बोट भलतीकडे लागून स्पीकर चालू झाला. पलीकडे मिक्सर घरघरत होता.

“कोण?”

“मी. बापूस.” दत्ताराम घामाघूम. “जेवलंस?”

मिक्सर बंद झाला. मग आवाज आला, “नाय अजून. बाबा, तब्येत बरी आहे ना तुमची?”

“बरी आसा. आधी जेव तू.” दत्तारामने फोन ठेवला आणि घळाघळा रडायला लागला. रेवतीने टिश्यूचा डबा पुढे केला. मुलांसाठी आणलेला तो डबा आज पहिल्यांदा उघडला गेला.

यज्ञेश उठला. दत्तारामच्या खाकी खांद्यावर त्याने हात ठेवला. मग म्हणाला, “काका, आता तुम्ही बाहेर बसा. मला मॅडमशी बोलायचंय.”

दत्तारामने रेवतीकडे पाहिलं. साहेबांचा हुकूम त्याला पाठ होता. त्याने नाक पुसलं, स्टूल उचललं, बाहेर जाऊन दार लावलं आणि दाराला पाठ लावून बसला.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग हळू आवाजात बोलणं सुरू झालं. मग एक मोठा हुंदका, आणि पुन्हा बोलणं. ते आपल्या कानावर पडू नये म्हणून दत्ताराम जोरजोरात भजन म्हणायला लागला.

भजन ऐकून प्रधान साहेब तरातरा आले. “दत्ताराम! तुला आत बसवलंय ना? बाहेर काय करतोयस?”

एरवी साहेबांची सावली दिसली तरी उठून उभा राहणारा दत्ताराम आज बसूनच राहिला. “माझो नंबर झालो, साहेब. आता पोराचो चालू आसा. आत कोणाक सोडूचो नाय.”

साहेबांनी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून यज्ञेशचा आवाज आला. शब्द कळत नव्हते, पण पोरगा बोलत होता, थांबायचं नाव घेत नव्हता. साहेबांचं तोंड मिटलं. ते तिथेच उभे राहिले.

मग त्यांनी व्हरांड्यात दोन्हीकडे नजर टाकली, कुणी नाही असं बघितलं, आणि वाकून दत्तारामच्या कानाशी विचारलं,

“त्याच्यानंतर कोण आहे रे?”