नळीतली हवा

नळी खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा बेल्किसला आत काळे ठिपके दिसले. मोहरीएवढेही नव्हते, मिरपुडीसारखे, नळीच्या आतल्या अंगाला चिकटलेले. तिने नळी झटकली. ठिपके जागचे हलले नाहीत.

"सगळं उकळलंय मी," शेगडीपाशी उभी असलेली तिची सासू एर्सिलिया, गल्लीत सगळे मानाने तिला दोन्या म्हणत, म्हणाली. "कप, बाटल्या, झाकणं. राजमा शिजला असता एवढ्या वेळात."

"आणि ही नळी?"

"नळीतून दूध जातं का? हवा जाते. हवा कोण उकळतं, पोरी?"

दूध काढायचा पंप टेबलावर होता. सकाळीच तो कपाटावरच्या खोक्यातून खाली उतरला होता, आणि दोन्याने त्याच्या मुठीला लाल दोऱ्यात ओवलेला काळा मणी बांधला होता. तसाच मणी पाळण्यातल्या पोरीच्या मनगटावर. दृष्टीपासून दोघांचाही बंदोबस्त सारखाच. सोमवारपासून बेल्किसला शिलाईच्या कारखान्यात परत जायचं होतं. दिवसभर पोर आजीपाशी, आणि आजीपाशी बाटली. विल्मेरच्या वेळीही असंच ठरलं होतं.

विल्मेर हा पहिला. जुलाब लागले, ताप चढला, आणि आठवडा संपायच्या आत तो गेला. रात्रभर त्याची बाकिनी झाली, म्हणजे मेलेल्या तान्ह्यासाठी करतात ते जागरण. तान्ह्या मुलाच्या बाकिनीत रडायचं नसतं; रडलं की त्याचे पंख भिजतात आणि त्याला वर उडता येत नाही. म्हणून कुणी रडलं नाही. बायकांनी गाणी म्हटली, आल्याचा चहा फिरला, आणि रडण्यात वेळ न गेल्यामुळे उजाडेपर्यंत गुन्हेगारही सापडला.

समोरच्या घरातली तोमासिना. तिने दारात उभं राहून म्हटलं होतं, "काय गोड बाळ आहे," आणि पुढे "देव त्याचं भलं करो" म्हणायचं ती विसरली होती. नुसतं कौतुक करून देवाला वगळणारीची नजर काय करते, हे त्या गल्लीत कुणाला शिकवावं लागत नाही. ऐकायला तेव्हा तिथे या सासू-सुनाच होत्या. सकाळपर्यंत सगळ्या गल्लीने ते स्वतःच्या कानांनी ऐकलेलं होतं. तोमासिना दारात पुऱ्या तळून विकायची. त्यानंतर कुणी घेतल्या नाहीत. आता ती बाळ असलेल्या घरावरून जाताना भिंतीकडे तोंड करून जाते.

"यानेटला सांगू का?" बेल्किस म्हणाली. यानेट म्हणजे न्यूयॉर्कची नणंद. "ती नवा पंप पाठवते म्हणाली होती."

"माझी लेक आहे, मी ओळखते तिला. जुन्याला काय झालं, हे विचारल्याशिवाय ती काडेपेटीसुद्धा पाठवायची नाही. काय सांगशील?"

"बिघडला म्हणून."

दोन्याने बटण दाबलं. पंप घुरघुरला आणि हवा ओढू लागला. तब्येतीने उत्तम होता. तिने बटण बंद केलं.

"हे ठिपके तेव्हाही होते का, दोन्या?"

"तेव्हा कोण बघत होतं?"

"धुवायचात तुम्ही."

"काढायचीस तू."

बाहेरून केळीवाल्याची गाडी भोंग्यावर भाव ओरडत गेली. 

"मी फेकते ही," बेल्किस म्हणाली. आवाज तिला वाटला होता तितका मोठा निघाला नाही.

"फेक की. मी कुठे हात धरलाय?" दोन्या ओल्या बाटल्या फडक्यावर उपड्या मांडत होती. "पण फेकलीस की मग समोर जा. तोमासिनाचं दार वाजव आणि सांग तिला, बाई गं, तुझ्या नजरेत काही नव्हतं. ती विचारेल, मग कशाने गेला गं तो? तेव्हा काय सांगशील, तेवढं आधी ठरव."

बेल्किस नळी घेऊन दारापर्यंत गेली. तोमासिनाच्या दाराला नवा हिरवा रंग दिलेला होता. दारावर कुणीतरी लिहिलेला 'चेटकीण' हा शब्द रंगाखालून अजूनही वाचता येत होता. रस्ता असा रुंद तो कितीसा. एखादी बाई हातातलं काम न सोडता ओलांडून जाईल. बेल्किस उंबऱ्यापाशीच उभी राहिली. मग ती वळली, नळीचं एक टोक पंपाला लावलं, दुसरं कपाला, आणि झंपरची बटणं काढत खिडकीकडे पाठ करून बसली. उजेड नको होता.

"शहाणी माझी," दोन्या म्हणाली. "सोमवारच्या आत अंगाला सवय झालेली बरी."

पंप सुरू झाला. दूध लगेच आलं, ऊन ऊन. दोन्या जवळ उभी राहून बाटलीकडे बघत होती. ओठ हलत होते. प्रार्थना चालली होती की हिशेब, ते तिचं तिलाच ठाऊक.

"भरपूर येतंय गं," ती म्हणाली. "विल्मेरच्या वेळी एवढं नव्हतं."

शेजारच्या पाळण्यात पोर झोपेतच शिंकली. दोघींचे हात एकदम तिच्या कपाळाकडे गेले, तिथे एकमेकांना लागले आणि पटकन मागे आले.

कपाळ गार होतं. बाटली अजून भरत होती.