अर्ध्यावर थांबलेलं आख्यान

"छायागावात पुन्हा शंभरातली चाळीसच बाळं आली," डॉ. सोनटक्के म्हणाले. छायागाव म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका गावाची यंत्राने संगणकात उभी केलेली हुबेहूब प्रतिकृती. तिथे सिद्ध झालेला उपायच खऱ्या गावात जायचा. गोवराच्या दुसऱ्या लसीला बाळं परतत नव्हती.

"पहिल्या लसीला आख्यान रंगात आणून थांबवा. उरलेलं दुसरीला सांगा," सल्ल्यासाठी बोलावलेल्या कीर्तनकार इंदिराताई खांबेटे म्हणाल्या.

"ताई, इथे भक्तीने भागत नाही. पुरावा लागतो."

"मग तपासा की!"

यंत्राने हजारदा तपासलं. दरवेळी नव्वदच्या वर बाळं आली.

वर्षभराने पडद्यावर खरं गाव दिसलं. तिथल्या नर्सने तिकडचीच लोककथा अर्ध्यावर ठेवली होती आणि दुसऱ्या लसीला आयांची रांग लागली होती. एकही बाळ लसीवाचून राहिलं नव्हतं.

इंदिराताईंनी पदर सावरला. "माझा पांडुरंग तपासणीला कधी भ्यालाय, डॉक्टर?"