झाकलेली बादली

"आधी ह्यांचं घर बगा," असं म्हणत हंबीररावांनी आरोग्य सेवक धनाजीला शेजारच्या दारात नेऊन उभं केलं.

नियमाप्रमाणे ज्या घरात पेशंट, ते घर आधी तपासायचं. पण मिल्ट्रीतल्या निवृत्त सुभेदाराला नियम शिकवायची धनाजीची काय बिशाद! हंबीररावांची नऊ वर्षांची नात सृष्टी तीन दिवस सांगलीच्या दवाखान्यात डेंगीने पडली होती. सकाळी प्लेटलेट बावीस हजारांवर आल्या होत्या आणि डॉक्टर नीट काही बोलत नव्हते.

"आमच्यात काय घावणार तुला?" हंबीरराव म्हणाले. "दर शनवारी समदी पिंपं पालथी घालून घासतो मी. राहिली अंगणातली कमळाची कुंडी. तिच्यात अळ्या खाणारे मासे सोडल्यात."

ती सिमेंटची कुंडी त्यांच्या बायकोने, बनुबाईने, हौसेने लावलेली. बनुबाईला जाऊन दोन वर्षं झाली, तरी त्या पाण्याला हंबीरराव कुणाला हात लावू देत नसत. सूट एकट्या शेजारच्या त्रिशलावैनींना; गल्लीतली पोरं त्यांना अव्वा म्हणत. त्या रोज सकाळी तांब्या आणि पांढरं फडकं घेऊन येत आणि बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पूजेसाठी कमळ नेत. फूल असो नसो, त्यांची फेरी चुकत नसे. गेल्या महिन्यात लेकीच्या बाळंतपणाला विट्याला गेल्या, तेवढाच पंधरा दिवसांचा खाडा.

आज मात्र हंबीररावांना शेजार आठवत नव्हता. "हे जैन लोक मुंगी मारत न्हाईत," ते गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. "डास तरी कशाला मारतील?"

त्रिशलावैनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दार पूर्ण उघडलं.

धनाजीने स्वयंपाकघर पाहिलं. प्रत्येक भांड्याच्या तोंडाला गाळायचं कापड बांधलेलं. फ्रिजमागचा ट्रे कोरडा, तुळशीखालची ताटलीही कोरडी. त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

"काय न्हाई, आबा."

"माडीवर चल."

त्रिशलावैनी जिन्यात आडव्या झाल्या. "वर नको, भाऊजी."

एवढं पुरे होतं. हंबीरराव त्यांना ओलांडून वर गेले. गच्चीच्या कोपऱ्यात, सावलीला, एक बादली होती. तोंडाला तलम कापड, वरून सुतळीचा पक्का वेढा. धनाजीने गाठ सोडली, बॅटरी मारली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"जीव हायत," त्रिशलावैनी हळू आवाजात म्हणाल्या. "मारवत न्हाई मला. पण बादली कवाच उघडी ठेवत न्हाई. एक डास भाईर जात न्हाई हितनं."

धनाजी घोटाळला. "अव्वा, तुमच्यात गाळलेले जीव ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात परत सोडत्यात न्हवं? मग हे कुठल्या पाण्यातले?"

त्रिशलावैनींनी एकदा हंबीररावांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"चुकलं माझं, भाऊजी. गेल्या महिन्यात पंधरा दिवस लक्ष ऱ्हायलं न्हाई."

मग हंबीररावांचा तोल सुटला. "माझ्या पोरीच्या हिरड्यांतनं रक्त येतंय तिकडं, आन् तुमी हितं डास पाळताय? लाज वाटत न्हाई?" त्यांनी बादली उचलून तापलेल्या फरशीवर पालथी केली. गल्ली वर बघत उभी होती. त्रिशलावैनींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. धनाजीने अळ्या सापडलेल्या घरांच्या यादीत त्यांचं नाव लिहिलं आणि कुणाच्याच डोळ्याला डोळा न देता जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी त्रिशलावैनींचा मुलगा श्रेयस दवाखान्यात मुगाच्या पेजेचा डबा घेऊन आला. हंबीररावांनी तो दारातूनच परत लावला. "तुमच्या घरचं काय नको." श्रेयसने डबा पिशवीत घातला आणि गेला.

त्यानंतर त्रिशलावैनी अंगणात दिसल्या नाहीत. बस्तीला जायलासुद्धा मागची बोळ धरत. हंबीररावांना पहिले दोन दिवस आपण बरोबर केलं असं वाटलं. मग सृष्टीच्या प्लेटलेट चढू लागल्या, जिवावरचा धोका टळला, आणि तो न उघडलेला डबा त्यांना पुन्हा पुन्हा आठवू लागला. ज्या बाईने बनुबाईच्या आजारपणात तिला हाताने भरवलं, तिला आपण भर गल्लीत तसं बोललो. चूक तिची, मग लाज आपल्याला का वाटते, हे त्यांना कळेना. पोर घरी आली की जाऊन दोन शब्द बोलू, असं त्यांनी ठरवलं. काय बोलायचं ते मात्र ठरेना.

आठव्या दिवशी सृष्टी घरी आली. हात काडीसारखे झालेले, मनगटावर सुयांचे निळे डाग. हंबीररावांनी तिला अंगणात, कुंडीजवळच्या खुर्चीत उन्हाला बसवलं. एक कमळ उमललं होतं.

"आबा, अव्वा आल्या न्हाईत आज?"

"आठ दिस झालं, येत न्हाईत. फूल न्यायचं सोडलंय त्यांनी."

"फुलाला कुठं येत होत्या त्या?" सृष्टी म्हणाली. "मासे तर उन्हाळ्यातच मेले. आबांना सांगू नको म्हणाल्या, आज्जीची कुंडी हाय, जिवाला लावून घेतील."

सृष्टी खुर्चीतून वाकली, कमळाचं पान बोटाने बाजूला केलं आणि पाण्यात डोकावली.

"मग आता ह्या अळ्या गाळून त्यांच्या बादलीत कोण नेतंय?"