भुतासाठी सोडलेली जागा

मुडदा कबरीतून निघाला होता, पण अजून घरी पोहोचला नव्हता. म्हणून शेवटी संपादिकाच जिने चढून चित्रकाराच्या खोलीवर आली. दार सताड उघडं होतं. आत म्हातारा चित्रकार कानाला मफलर गुंडाळून टेबलाशी वाकला होता.

"काका, मागच्या पानावर तो कबरस्तानाच्या फाटकाशी होता. त्याच्या पुढच्या पानावरही फाटकाशीच. पाय मोडलाय का त्याचा?"

"चिखल आहे वाटेत."

"भुताला चिखल?"

"नवीन आहे. शिकेल हळूहळू."

संपादिकेला हसू आलं, पण तिने ते गिळलं. मासिक छापायला जायचं होतं आणि शेवटचं पान अडकलं होतं. गोष्ट सरळ होती. धाकट्या भावाने थोरल्याला नदीत ढकललं, आणि बुडून पुरला गेलेला थोरला आता परत येत होता. या भयचित्रकथांचा कायदा एकच. ज्याच्यावर अन्याय झाला, तो मेला तरी येतो. चित्रकाराने तो जन्मभर पाळला होता. त्याने थडग्यांवरचे दगड सरकवले, पेट्यांची झाकणं आतून उचकटली, कुजलेली बोटं खिडकीच्या काठावर आणून ठेवली. त्याचा एकही मुडदा कधी वाट चुकला नव्हता.

खोलीत टेबलं दोन होती, पाठीला पाठ लावून मांडलेली. दुसऱ्या टेबलावर शाईची बाटली भरलेली होती आणि टाक धुऊन पुसून ठेवला होता. शेजारी चहाचा एक कप होता. संपादिकेने खुर्ची ओढली आणि त्या कपाकडे हात नेला.

"तो राहू दे, पोरी. तुला दुसरा आणतो."

ते टेबल दादाचं. चित्रकार चित्रं काढून पात्रांच्या डोक्यावर बोलण्याचे फुगे मोकळे सोडायचा, आणि त्याचा थोरला भाऊ त्यांत अक्षरं भरायचा. भुताची अक्षरं ही दादाची खासियत. रुंद, थरथरती, ओल्या अंगाने कुडकुडत लिहिल्यासारखी. एकदा चार पाहुण्यांसमोर चित्रकार म्हणून गेला होता, "चित्राला कसलेला हात लागतो. अक्षरं काय, कुणीही काढतं." दादा तेव्हा आत चहा गाळत होता. त्याने कप आणून सगळ्यांसमोर ठेवले. चित्रकारासमोरही ठेवला. पण त्यानंतर तो धाकट्याशी मरेपर्यंत तोंडाने बोलला नाही.

कामं मात्र त्याच खोलीत, पाठीला पाठ लावून चालत राहिली. कधीतरी रिकाम्या फुग्यात पेन्सिलीने लिहिलेलं सापडायचं. गळा चिरलेली बाई म्हणायची, "मीठ संपलंय." सांगाडा म्हणायचा, "बारक्या, किती खोकतोस! डॉक्टरकडे जा." चित्रकार वाचायचा, खोडरबर फिरवायचा आणि मीठ आणायला जायचा. एवढंच बोलणं. पण तेवढं होतं.

दादा गेल्यापासून रोज संध्याकाळी चित्रकार हातातलं पान त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. सकाळी फुगे तसेच कोरे.

"आणि काका, फुगे जरा लहान काढा हो," संपादिका नवा कप हातात घेत म्हणाली. "आता अक्षरं मशीन टाकतं. एवढ्या मोठ्या फुग्यात ती पोहत बसतात."

"सवय आहे हाताची."

"बरं, ते जाऊ दे. आज त्याला एकदाचं घरात घ्या, धाकट्याचा गळा दाबू द्या आणि मोकळे व्हा. वाचक कधीचे टपून बसलेत."

"काढलंय," चित्रकार म्हणाला, आणि त्याने पान पुढे केलं.

संपादिकेने ते खिडकीच्या उजेडात धरलं. चित्रात एक खोली होती. दार सताड उघडं. धाकटा भाऊ खुर्चीत बसलेला, वाट पाहून पाहून पिकलेला. समोर दोन कप, दोन्ही भरलेले. दारातून बाहेरची वाट दिसत होती, आणि वाटेवरच्या चिखलात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. उंबऱ्याच्या वर एक भला मोठा फुगा होता. त्याचं शेपूट बाहेरच्या काळोखाकडे वळलेलं. आत एक अक्षर नाही.

"यात भूत कुठंय?"

"आलं नाही."

"असं कसं आलं नाही? यानं मारलाय ना त्याला?"

"मारलाय."

"मग सूड?"

चित्रकार टाक पुसत राहिला. ती पुन्हा चित्राकडे वळली. या वेळी तिने ते बराच वेळ पाहिलं. मग तिची नजर दुसऱ्या टेबलावरच्या कपाकडे गेली. त्यातल्या चहावर साय धरली होती.

"फुग्यात काय घालू, काका?" तिने हळूच विचारलं.

"काही नको. त्याचं तो घालेल."

तिने पान जपून पिशवीत ठेवलं. निघताना सवयीने दार ओढून घेऊ लागली.

"दार राहू दे, पोरी."

"गारठा येतोय हो आत. आजारी पडाल."

"येऊ दे."

तिची पावलं जिन्यावरून उतरत गेली. ती ऐकू येईनाशी झाल्यावरही चित्रकार कान देऊन बसला होता. मग उठून त्याने दादाच्या टेबलावरचा गार चहा ओतून दिला, कप विसळला आणि ताजा भरून ठेवला. पेन्सिलीला टोक काढून ती कपाशेजारी ठेवली.

त्याने नवा कागद घेतला. अजून कसली गोष्ट नव्हती की पात्रं नव्हती. त्याने आधी फुगा काढला, दादाची अक्षरं ऐसपैस मावतील एवढा.