शुभदाचा पायगुण

"शुभदा, तू अजून घरातच?" चारुदत्त टीव्हीसमोरून ओरडला. "बाहेर पड आधी! मॅच आता सुरू होईल!"

"निघाले हो," शुभदाने चपला सरकवल्या, पिशवी घेतली. "कोथिंबीर आणू का?"

"कोथिंबीर आण, नारळ आण, नाहीतर सबंध मार्केट उचलून आण. पण मॅच संपेपर्यंत वर येऊ नकोस."

लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. टीव्हीशेजारी टेकवलेल्या टॅबमधून अनुया खदखदून हसली आणि सिंगापुरी हेल काढून म्हणाली, "बाबा, टू मच लाह! फायनल आहे. आज तरी बघू द्यायचं तिला."

"आज तर मुळीच नाही."

अनुया ही त्यांची एकुलती एक लेक. अमेरिकेत हॅल्स्टन नावाच्या गावात राहायची. तिकडची रात्रीची मॅच सिंगापूरला सकाळच्या चहाबरोबर दिसायची. दोन वर्षांपूर्वी तिने इथली बँकेतली नोकरी सोडली आणि पाव भाजायला तिकडे गेली. 'पाव भाजायला' हे चारुदत्तचे शब्द. "गेलीस तर परत येऊ नकोस," हेही त्याचेच. पोरगी बापाच्याच वळणावर गेलेली, तिनेही बोलणं टाकलं. फोन यायचा तो आईला. "बाबांना म्हणावं गोळ्या घ्या," "तिला म्हणावं थंडीत टोपी घाल," असे निरोप शुभदा इकडून तिकडे पोचवायची.

मग या एप्रिलमध्ये एकदा फोनवर अनुयाच्या मागे टीव्ही चालू दिसला. चारुदत्त हार्बरफ्रंटच्या शिपिंग कंपनीतून नुकताच रिटायर झाला होता, रिकामा दिवस त्याला खायला उठायचा. क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाला खेळ न मानणारा माणूस, पण त्याला राहवलं नाही.

"हा सोटा घेऊन कोण उभा राहिलाय?" त्याने विचारलं.

"बॅटर," अनुया म्हणाली. दोन वर्षांत बापाशी बोललेला तिचा हा पहिला शब्द.

तिच्या गावाची बेसबॉल टीम होती हेरॉन्स. गेल्या सीझनला पार तळाला गेलेली. यंदाही सुरुवातीच्या बऱ्याच मॅचेस हरलीच. तेव्हा शुभदाच एकदा म्हणाली, "अहो, मी भाजीला गेले की जिंकतात बघा. माझा पायगुणच वाईट दिसतोय."

भारताची विकेट पडू नये म्हणून सोफ्यावर मांडी मोडायला तयार नसणाऱ्या चारुदत्तला हे चटकन पटलं. तेव्हापासून मॅच सुरू झाली की शुभदाची रवानगी खाली व्हायची. आणि काय सांगावं, हेरॉन्स जिंकत सुटले! अधूनमधून हरायचे, पण तेव्हा खापर तिच्यावरच फुटायचं. "लवकर वर आलीस!" म्हणून चारुदत्त चिडायचा. ती बिचारी निमूट भाजी निवडायला बसायची.

इनिंग बदलताना दोन-दोन मिनिटं मोकळी मिळायची. तेवढ्यात अनुया बेकरीतल्या गमती सांगायची. तो ब्लडप्रेशरचे आकडे सांगायचा, खोटेच. ऑगस्टपर्यंत त्याला तिच्या ओव्हनची कुरकुरसुद्धा पाठ झाली. नुसतं 'ये' म्हणणं तेवढं जमत नव्हतं.

हेरॉन्सनी शेवटच्या दिवशी जिंकून प्लेऑफ गाठले. मग एकेका दादा टीमला धूळ चारत अंतिम मालिकेत शिरले. तिथे तीन-तीन अशी बरोबरी, आणि आज सातवी, निर्णायक मॅच. चारुदत्तला रात्रभर झोप नव्हती. सीझन संपला की बोलायचं कशावर? त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. आज जिंकले तर सांगायचंच. हरले, तर आपल्याच्याने व्हायचं नाही.

नववी, शेवटची इनिंग आली. हेरॉन्स एका रनने पुढे, समोरच्यांचा एकच गडी बाद व्हायचा राहिलेला, आणि तिन्ही बेसवर त्यांचे पळायला टपलेले खेळाडू. म्हणजे एक फटका आणि खेळ खलास.

"बाबा, मी डोळे मिटलेत," अनुया म्हणाली.

"उघड! भित्री भागूबाई कुठली!" त्याने स्वतः मात्र सोफ्यावरची उशी छातीशी कवटाळली होती.

बॅटरने टोला हाणला. बॉल उंच गेला, थेट कुंपणाकडे. हेरॉन्सचा एक पोरगेला फील्डर मागे मागे पळत गेला, कुंपणाला धडकला, कोसळला. क्षणभर कुणालाच काही कळेना. मग त्याचा हात वर आला. हातमोज्यात बॉल होता.

"अगं पकडला! पकडला!" चारुदत्त सोफ्यावर उभा राहून नाचला. तिकडे अनुया किंचाळत होती, इकडे याला हुंदका आवरेना. "अनुया, चुकलं गं माझं. घरी ये बाळा."

ती डोळे पुसत म्हणाली, "डिसेंबरमध्ये येते, बाबा. तुम्हाला पाव खायला घालते."

तो तसाच धावत सुटला. घरातली अर्धी चड्डी, बनियन, पायात बाथरूमच्या स्लिपर. खालच्या हॉकर सेंटरमध्ये चहाच्या स्टॉलशेजारी शुभदा पाठमोरी बसलेली दिसली.

"शुभदा! अगं, जिंकलो! आणि अनुया येतेय, डिसेंबरात येतेय!"

ती वळली. डोळे ओले, चेहरा फुललेला. कपाला टेकवलेल्या फोनवर हेरॉन्स एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते.

"तू मॅच बघत होतीस?"

"पहिल्या बॉलपासून."

"आजची?"

"सगळ्या. एकही सोडली नाही."

चारुदत्त मटकन स्टुलावर बसला. "अगं, म्हणजे तू बघत असतानाच जिंकत होते की! कसला पायगुण नि कसलं काय! मग घरात का नाही बसलीस?"

"मी घरात असले की तुम्ही दोघंही माझ्याशीच बोलायचात," शुभदा म्हणाली.