क्रूस घरी आला तेव्हा

देओलिंदा कोरोनाने गेल्याचं दवाखान्याने सकाळी फोनवर कळवलं आणि दुपारी तिची बंद पेटी थेट दफनभूमीत आली. चर्चच्या समितीचा बेल्मिरो फाटकातच हात आडवा धरून उभा होता.

"अमादेऊ, तू तिथूनच बघ. नवरा असलास तरी नियम तो नियम."

माझ्या बायकोला मी रस्त्यावरून निरोप दिला.

कोरोनाची साथ सरली. तीन वर्षांच्या खंडानंतर ईस्टरला पोर्तुगालमधल्या आमच्या मिन्यो भागात क्रूस पुन्हा घरोघर फिरू लागला. पूर्वी प्रत्येक जण त्यावरच्या येशूच्या पायांना ओठ टेकवायचा. यंदा मात्र फादरांनी नुसतं वाकून नमस्कार करायला सांगितलं होतं. लाल झगा घातलेला बेल्मिरो क्रूस घेऊन माझ्या उंबऱ्यात आला आणि चक्क रडू लागला.

"तीन वर्षं रे! तीन वर्षं ओठ लागले नाहीत याला. एवढा जाच कुणी सोसला असेल का?"

"तुझी बायको ठणठणीत आहे ना?" मी विचारलं.

"हो. का रे?"

"सहज."

"मग बघत काय बसलास? फादर अजून शेजारी गप्पा मारतायत. टेकव पटकन. कसले डोंबलाचे नियम!"

मी वाकून ओठ टेकवले. त्याने समाधानाने डोळे पुसले.

"चला, तुझं राहिलेलं झालं एकदाचं."



देओलिंदाच्या कपाळाला ओठ टेकवायचे राहिले आहेत.